नवरदेवाकडे तोंड करून

जळकोटच्या चाँदपाशा नदाफानं निम्मं आयुष्य उलटं चालून काढलं आहे.

लग्नात बँड पुढं असतो. त्याच्यामागं नाचणारी पोरं, आणि सगळ्यात मागं घोडीवर नवरदेव. चाँदपाशा ट्रम्पेट घेऊन बँडच्याही पुढं असतो, पण तोंड मागं करून. वाजवणाऱ्यांना खूण करायची तर त्यांच्याकडे बघावं लागतं. कुठं थांबायचं, कधी हलायचं, ते घोडी बघून ठरवावं लागतं. म्हणून तो उलटा चालतो. खड्डा, गटार, शेण, सगळं पाठीला कळतं असं तो म्हणतो. इतक्या वर्षांत पडला एकदाच, आणि तोही नव्याकोऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर.

त्यामुळं एक गोष्ट आपोआप झाली. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचं तोंड सगळ्यात जास्त वेळ चाँदपाशा बघतो. नवरीला खाली बघायला सांगितलेलं असतं. आईबाप पाहुण्यांत गुंतलेले असतात. फोटोवाला बघतो, पण त्याच्यासमोर नवरदेव सावध असतो. बँडवाल्यासमोर कुणी सावध नसतं.

पावसाळ्यात तो गाद्या भरतो. तो बापाचा धंदा. तुळशीचं लग्न लागलं की कापूस बाजूला सारतो आणि ट्रम्पेट पुसायला घेतो. ते मामानं शिकवलं. वरच्या ओठावर मधोमध एक गोल वळ पडला आहे, तो आता बारा महिने तसाच असतो.

बँडवाल्याच्या वाट्याला वाजवणं कमी आणि थांबणं जास्त येतं. मांडवामागं, पाण्याच्या टँकरच्या सावलीत तास तास बसावं लागतं. तिथं प्रत्येकाला काही ना काही नाद लागला. मोठं भोंगं वाजवणाऱ्या कल्याणप्पाला रोपांचा. ज्या गावी जाईल तिथलं एखादं रोप मुळासकट काढायचं आणि भोंग्याच्या तोंडात ठेवून घरी आणायचं. एकदा वाजवताना आवाजच निघेना.

"कल्याणप्पा, फुंका की जोरात," चाँदपाशा म्हणाला.

"कसं फुंकू? आत मोगरा हाय."

पुतण्या अक्रम खुळखुळे हलवतो. तो मे महिन्याच्या उन्हात बसून मोबाईलवर बर्फ बघतो. कुठल्या कुठल्या देशांतले बर्फानं बंद झालेले रस्ते, ते साफ करणारी यंत्रं.

"बघून गार वाटतं का रे?"

"न्हाय चाचा. पण ती माणसं बघा किती निवांत हायत. रस्ताच बंद. कुणी म्हणायचं न्हाय, चला लवकर."

गोरोबा साईड ड्रम वाजवतो. सातवीपर्यंत तो आणि चाँदपाशा एका बाकावर बसले, मग एका बँडमध्ये आले. गोरोबा डोळे मिटून हायवेवरच्या एसटीच्या आवाजावरून गाडी कुठल्या आगाराची ते सांगतो. तपासायला कुणी उठत नाही, त्यामुळं तो नेहमी बरोबर असतो.

आणि चाँदपाशाचा नाद नवरदेवांचा. नवरदेवाला मिरवत परण्या मारुतीला जाऊन आला, नवरदेव घोडीवरून मांडवात उतरला, की बाकीचे त्याच्याभोवती जमायचे. "काय म्हणतोय माल?" हे विचारायचे. चाँदपाशा चहात मोजायचा. एका नवरदेवानं उतरताना घोडीच्या मानेवर दोनदा थाप मारली. "चार चहा." एक जण सगळ्या वाटेनं मोबाईलच्या काचेत स्वतःलाच बघत होता. "अर्धा. तो बी बिनसाखरेचा." पुढं कधी त्याच गावात दुसरं लग्न निघालं की आचाऱ्याकडं नाहीतर न्हाव्याकडं चौकशी व्हायची, ते जोडपं कसं आहे म्हणून. चाँदपाशा बऱ्याच वेळा बरोबर निघाला. हे त्याला आवडायचं, आणि आवडतं हे तो दाखवायचा नाही.

चुकला तो तुळजापुरात. तिथला एक नवरदेव घोडीवर चक्क झोपला होता, मान एका बाजूला, मुंडावळ्या कानात. चाँदपाशा म्हणाला, "हे टिकत न्हाय. पक्कं सांगतो." आता त्या नवराबायकोचं देवळाच्या वाटेवर कुंकवाचं दुकान आहे, दोन मुलं आहेत, आणि बँड तिकडं गेला की तो माणूस हाक मारून सगळ्यांना चहा पाजतो. रात्रभर मांडवाचं सामान उतरवून दमला होता बिचारा. गोरोबानं ही गोष्ट पुढं किती लग्नांत सांगितली त्याला गणती नाही.

गोरोबाची मुलगी समृद्धी. लहानपणी ती चाँदपाशाच्या घरी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात जाऊन झोपायची. उठली की केसांत, पापण्यांवर कापूस. चाँदपाशाची बायको गुलबानो एकेक पुंजका वेचून काढायची. त्या दोघांना मूल झालं नाही. समृद्धी नळदुर्गला बी. ए. झाली आणि गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा ईटचा, शिवराज. दूध थंड करण्याच्या केंद्रात कामाला. बाप वारलेला, घरात आई सखूबाई आणि तो, दोघंच. साखरपुडा ईटला झाला, त्या दिवशी चाँदपाशाची दुसरीकडं वाजवायची सुपारी होती. त्यानं मुलगा पाहिला नव्हता.

हळदीच्या संध्याकाळी समृद्धी पिवळीधमक होऊन ओट्यावर बसली होती.

"चाचा, उद्या नीट बघा बरं का. आणि लग्नाआधी सांगा मला. नंतर न्हाय."

"घरच्या लग्नात आपण खेळत न्हाय बेटी."

"का? घरच्याच लग्नात खेळायला पाहिजे."

"तुझ्या बापाला इचार."

गोरोबा मांडवाचा दोर ओढत होता. तिथूनच म्हणाला, "अगं, जावई अर्ध्या चहाचा निघाला तर मला जेवान जायाचं न्हाय. चाँद्या, उद्या डोळे मिटून वाजीव."

सगळे हसले. चाँदपाशाही हसला. आपण खरंच बघायचं नाही, असं त्यानं मनाशी धरलं.

पण उलटं चालणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत.

लग्न हायवेलगतच्या कार्यालयात होतं. बापानं पोरीच्या लग्नात वाजवायचं नाही, म्हणून साईड ड्रमला नळदुर्गचा एक माणूस आणला होता. दुपारी परण्या मारुतीच्या पाया पडून परत निघाला. ऊन मरणाचं होतं. पोरं नाचत होती. फोटोवाल्यानं ड्रोन वर सोडला होता, आणि शिवराज घोडीवर ताठ बसून वर बघत होता. देखणा मुलगा. हसणं चांगलं. चाँदपाशाच्या मनात नको म्हणताना दोन चहा येऊन गेले.

तेवढ्यात सखूबाई गर्दीतून घोडीजवळ आली. हातात रुमाल होता. तिनं हात उंच करून मुलाच्या गालावरचा घाम टिपला. टिपताना तिचा हात फेट्याला लागला आणि फेटा थोडा तिरपा झाला.

शिवराजनं तिचं मनगट धरलं. धरलं आणि पिरगाळलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. वर ड्रोनकडे बघत होता आणि हसत होता. सखूबाईचं डोकं गर्दीतून वीतभर वर आलं. ती टाचा उचलून उभी राहिली होती. तिनं आवाज केला नाही. इकडं तिकडं बघितलं नाही. ज्याला हे नवं असतं तो निदान दचकतो. ती फक्त चवड्यांवर उभी राहिली आणि त्यानं सोडायची वाट बघत राहिली.

मग त्यानं सोडलं. डोकं गर्दीत बुडालं.

नाचणाऱ्यांच्या पाठी शिवराजकडे होत्या. बँडच्याही पाठी. घोडीवाला लगाम धरून पुढं बघत होता. चाँदपाशाचं गाणं मधेच एका सुरावर अडकलं आणि पुन्हा चालू झालं. कल्याणप्पानं भुवया उंचावल्या.

बँडवाल्याच्या हातात एकच गोष्ट असते. वरात पुढं न्यायची की थांबवायची. चाँदपाशा थांबला. कार्यालयाची कमान दिसत होती, तिथंच रस्त्यात पाय रोवून त्यानं दुसरं गाणं धरलं. पोरांना आनंद झाला. ते संपायच्या आत तिसरं. गाणं कुठलं वाजतंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. आपण थांबून काय होणार आहे, हेही त्याला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की आपण हललो की घोडी हलणार, आणि घोडी हलली की ती कमानीत जाणार.

"चाँदभाई, चला की," कल्याणप्पा भोंग्याआडून म्हणाला. "डोस्कं उकडलं माझं."

नवरीकडचा एक मामा पळत आला. "ओ मास्तर, मुहूर्त टळला की. काय इथंच लगीन लावताय का?"

चाँदपाशा वाजवत राहिला. शेवटी ओठांनीच दगा दिला. उन्हानं सुकले, फुटले, सूर फाटायला लागला. पोरं थकून बाजूला झाली. घोडीवरून शिवराजनं एक बोट वर केलं आणि पुढं चला म्हणून हलवलं. सभ्यपणे. चाँदपाशाचा पाय मागं पडला. घोडी हलली.

गोरोबा कमानीत उभा होता. नवा पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात ओवाळणीचं ताट. ओवाळणं झाल्यावर चाँदपाशानं त्याला पाण्याच्या टाकीमागं ओढलं.

"बोल लवकर. आत माणसं खोळंबलीत."

"गोरोबा, नवरदेव..."

"किती चहा?" गोरोबा हसायला लागला.

"त्यानं आईचा हात पिरगाळला. घोडीवरून. फेट्याला हात लागला म्हणून."

"तुझी खोड जायाची न्हाय बघ. काल काय म्हणलास? घरच्या लग्नात खेळायचं न्हाय."

"खेळ न्हाय ह्यो."

गोरोबाचं हसू एकदम गेलं नाही. ते थोडा वेळ तोंडावर राहिलं, काय करावं ते न कळल्यासारखं. चाँदपाशाला वाटलं, इतकी वर्षं आपण हे हसण्यावारी नेलं नसतं तर आत्ता याला ऐकू आलं असतं.

"पक्कं?" गोरोबानं विचारलं.

"दिसलं ते सांगितलं."

"तुळजापूरच्या टायमाला बी पक्कंच म्हणला हुतास."

म्हणाला होता. धूळ होती, ऊन होतं, मधे पन्नास माणसं नाचत होती. त्याला दिसलं होतं. पण दिसलं म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर त्याच्याजवळ एका बाईचं वर आलेलं डोकं एवढंच होतं.

"मी काय म्हणू आत जाऊन?" गोरोबा म्हणाला. "बँडवाला म्हणतोय, लगीन थांबवा?"

त्याला टोचून बोलायचं नव्हतं. तो स्वतः बँडवालाच.

तरी तो गेला. सखूबाई दारापाशी विहिणींच्या घोळक्यात होती. चाँदपाशा चार पावलं मागं उभा राहिला.

"इहिणबाई, हाताला काय झालं वं?"

सखूबाईनं पदर मनगटावर ओढला. "काय न्हाय जी. लगाम लागला घोडीचा."

बोलताना तिनं गोरोबाच्या खांद्यावरून चाँदपाशाकडे पाहिलं. लगेच नजर काढून घेतली.

"ऐकलंस?" गोरोबा परत येऊन म्हणाला.

"लगाम घोडीवाल्याच्या हातात हुता."

गोरोबा त्याला लहानपणापासून चाँद्या म्हणतो. त्या वेळी म्हणाला, "चाँदभाई, आता गप बसा तुम्ही."

आणि आत गेला.

नवरीच्या खोलीत पुरुषांना जाता येत नव्हतं. चाँदपाशानं गुलबानोला दारात बोलावून घेतलं आणि दोन वाक्यांत सांगितलं.

"तुमे देखे?" तिनं विचारलं.

"देखा."

"तो बोलो ना उसको."

"अंदर औरतां हैं. तूच बोल."

गुलबानो आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे पुसत होती.

"बोली?"

"क्या बोलूं? मैं गई तो मेरे गले पडी. बोली, चाची, चाचा ने कित्ते चाय बोले पूछ के आओ."

तेवढ्यात आतून मुलीला बाहेर आणायची हाक झाली.

मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. या क्षणी बँड वाजायला हवा. आणि ट्रम्पेटनं पहिला सूर दिल्याशिवाय हा बँड सुरू होत नाही, ही चाँदपाशानंच घातलेली शिस्त. त्यानं ट्रम्पेट ओठाला लावलं होतं. श्वासही भरून घेतला होता. तो बाहेर जाईना.

कार्यालयात नुसते पंखे वाजत राहिले. एक लेकरू रडलं. माणसं माना वळवून बँडकडे बघायला लागली. "मास्तर झोपले का?" कुणीतरी म्हणालं. अक्रम खुळखुळे छातीशी धरून चाचाच्या तोंडाकडे बघत होता.

हार हातात घेऊन समृद्धीही बघत होती. आधी हसून. मग ते हसू कमी झालं. ती काहीतरी विचारत होती, आणि उत्तर लांब नव्हतं, पंचवीस पावलांवर होतं, पितळेच्या नळीच्या एका टोकाला.

मग चाँदपाशाला गोरोबा दिसला. तो मुलीच्या मागं उभा होता. रागावलेला नव्हता. त्यानं दोन्ही हात जोडले होते. छातीशी, लहानसे, दुसऱ्या कुणाला दिसू नयेत असे.

चाँदपाशानं फुंकलं. बँड वाजला.

पाठवणीला बँड गाडीपुढं चालत वेशीपर्यंत गेला. तिथं गाडी थांबली. समृद्धीनं काच खाली केली. रडून तिचं काजळ पसरलं होतं.

"चाचा, तुम्ही सांगितलंच न्हाय."

"फोन चालू ठेव, बेटी."

"ठेवते. पण..."

पलीकडून शिवराज वाकला. "चाचा, लई छान वाजवलं तुम्ही. मधी जरा थांबलात, पण छान." त्यानं हात जोडले. चांगल्या घरचा मुलगा करतो तसे. चाँदपाशाला क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं. वाटावं अशी त्याची फार इच्छा होती.

गाडी गेली.

त्यानंतरच्या लग्नांत कुणी त्याला नवरदेवाबद्दल विचारलं नाही. विचारायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. परण्या संपला की सगळे टँकरच्या सावलीत बसायचे आणि अक्रमच्या मोबाईलवरचा बर्फ बघायचे. गोरोबा पुन्हा चाँद्या म्हणायला लागला, पण ईटचं नाव निघालं की उठून पाणी प्यायला जायचा.

समृद्धीचा फोन यायचा. सुरुवातीला आठ दिवसांनी, मग कमी. "कशी हायस?" "बरी हाय चाचा." "जेवलीस?" "जेवले." चाँदपाशा कान देऊन ऐकायचा. त्याला तोंडं कळायची, आवाजातलं काही कळत नव्हतं. पाऊस सुरू झाल्यावर एकदा तो म्हणाला, "व्हिडिओ लाव की बेटी. तुझी चाची बघायची म्हणती."

"इथं रेंज न्हाय चाचा."

आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ होता.

"आणि चाचा, मी फोन केला म्हणून आप्पांना सांगू नका." गोरोबाला ती आप्पा म्हणायची.

"का गं?"

"उगंच."

त्या रात्री त्यानं कापसाचं बोचकं सोडलं. चांगला लांब धाग्याचा कापूस होता, कुणासाठी तरी राखून ठेवलेला. दोन दिवस बसून त्यानं गादी भरली आणि टाके घातले. रिकाम्या हातानं ईटला जायला त्याच्याजवळ नातं नव्हतं. गादी असली की कुणी का आलात म्हणून विचारणार नव्हतं. गोरोबाला त्यानं सांगितलं नाही. पुन्हा पक्कं का म्हणून विचारलं तर काय सांगायचं, हे अजून त्याच्याजवळ नव्हतं.

गादीची वळकटी घेऊन तो एसटीत चढला तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाबा, बिऱ्हाड हलवताय का?"

"लेकीला द्यायची हाय."

"मग ठेवा मागं. पण झोपू नका तिच्यावर."

तुळजापूरला गाडी बदलली, धाराशिवला बदलली, भूमला बदलली. ईटला पोचेपर्यंत दुपार कलली होती. दार सखूबाईनं उघडलं. त्याला बघून ती बाजूला झाली, या म्हणाली नाही आणि का आलात असंही म्हणाली नाही.

समृद्धी आतून आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. शहरातल्या मुलीसारखी वागायची ती, पदर कधी घेतला नव्हता. ती चाँदपाशाच्या समोर बसली नाही. भिंतीच्या कडेला, डावा गाल भिंतीकडे करून बसली.

"आप्पा बरे हायत?"

"बरे हायत."

"चाची?"

"बरी हाय. बेटी, हिकडं बघ."

ती बघेना. पंख्यानं पदर हलला तेव्हा त्याला जे दिसायचं ते दिसलं. गालावरचं जुनं, पिवळं पडत चाललेलं. कानाजवळचं नवं.

गादीची वळकटी दोघांच्या मधे पडली होती.

"मला दिसलं हुतं," चाँदपाशा म्हणाला. "त्या दिवशीच."

"मला कळलं हुतं, तुम्हाला दिसलं ते," समृद्धी म्हणाली. "तुम्ही वाजवेनात तवाच."

ती रागानं बोलली नव्हती. हवापाण्याची गोष्ट सांगावी तशी बोलली होती.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"घरी."

"आप्पांनी सांगितलंय का?"

"न्हाय. आप्पाला माहीत न्हाय."

ती मान खाली घालून बसून राहिली. बोलली ती सखूबाई, स्वयंपाकघराच्या दारातून.

"न्या की तिला. आत्ताच न्या. त्यो पाचला येतो."

चाँदपाशानं तिच्याकडे पाहिलं. उजवं मनगट तिनं पदरात धरलं होतं, सवयीनं.

"मी गेले तर तुमच्यावर येईल, आत्या," समृद्धी म्हणाली.

"ते माझं जुनंच हाय. ऊठ."

"इहिणबाई, तुम्ही बी चला," चाँदपाशा म्हणाला. कुठं न्यायचं, कोण ठेवून घेणार, काही विचार न करता म्हणाला.

"मी कुठं येऊ?" सखूबाई म्हणाली. "माझा ल्योक हाय त्यो."

तिनंच समृद्धीची पिशवी भरली. साडी, कागद, चार्जर. चार्जर विसरू नये म्हणून दोनदा बघितलं. गादी उचलून तिनं भिंतीशी नीट उभी केली. मग दोघांना मागच्या दारानं काढून दिलं आणि कडी लावली. कडीचा आवाज आला तेव्हा समृद्धी थबकली. चाँदपाशानं तिची पिशवी घेतली आणि चालायला लागला. ती मागून आली.

भूमची गाडी लगेच मिळाली. समृद्धी खिडकीशी बसली, पदर अजून तसाच. चाँदपाशानं गोरोबाला फोन लावला. तो उचलत नव्हता. बहुतेक स्टँडवर बसला असेल. चाँदपाशा पुन्हा लावणार होता, तेवढ्यात समृद्धीचा फोन वाजायला लागला.

पाच वाजून गेले होते. पडद्यावर नाव आलं होतं, आत्या.

"आत्यांचा हाय," ती म्हणाली. "का त्येनं त्यांच्या फोनवरून लावलाय?"

चाँदपाशाला माहीत नव्हतं.

"उचलू का?"

उचल म्हणावं तर तिकडं तो असेल. नको म्हणावं तर तिकडं ती असेल. फोन वाजत राहिला. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. समृद्धी त्याच्या तोंडाकडे बघत होती, पहिल्यांदाच सरळ, दोन्ही गाल उघडे टाकून, आणि त्याच्या सांगण्याची वाट बघत होती.

फोन बंद झाला. पुन्हा वाजायला लागला.